मेख

सुट्टीत घराबाहेर पडून तंबूत राहण्याची मजा काही वेगळीच असते. पण ठरवले तसेच सगळे घडते, असे मात्र नाही. मालेगावच्या शाळेत नववीत शिकणारी एक मुलगी आपल्या घरच्यांच्या अशाच एका सहलीची हकीकत या पाठात सांगत आहे. ‘मेख’ हा मराठी शब्द तुम्हांला आपल्या घरातलाच वाटेल. तो या पाठात कोणकोणत्या अर्थांनी आला आहे, ते वाचताना पाहा.

अब्बूंनी सगळा बेत कागदावर लिहून काढला होता. गुरुवारी सकाळी सहा वाजता मालेगावहून निघायचे. बारा वाजता भंडारदऱ्याला पोहोचायचे. तलावाच्या काठी तंबू ठोकायचा. दुपारी नावेतून फेरी, संध्याकाळी अम्मीच्या हातची बिर्याणी आणि रात्री काजवे. शुक्रवारी सूर्योदय पाहून परत. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. म्हणून अब्बूंनी फक्त गुरुवारची रजा घेतली होती. मागावर काम करणाऱ्याने रजा घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे अब्बूंच्या बेतात एकही तास रिकामा नव्हता.

बेतातली सर्वांत अवघड गोष्ट मात्र कागदावर लिहिलेली नव्हती. ती म्हणजे नानीला बरोबर नेणे.

नानांचा मंडपाचा व्यवसाय होता. लग्न असो की जलसा, शामियाना, कनाती, बिछायत हे सारे सामान त्यांच्याकडून जाई. गेल्या वर्षी नाना वारले. मामूंना तो व्यवसाय चालवणे जमेना. त्यांनी एकेक करून सामान विकून टाकले. तेव्हापासून नानी फारशी बोलत नसे. खिडकीपाशी बसून ती तसबीह फिरवत राही. जेवायला बोलावले की येई. काही विचारले तर ‘हं’ म्हणे. “तिला जरा बाहेर नेऊ या,” असे अम्मी महिनाभर म्हणत होती. पण नानी प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणे.

बुधवारी संध्याकाळी मामूंनी माळ्यावरून एक जुनी राहुटी खाली काढली. तेवढीच विकायची राहिली होती. जाड कापडाची, ठिकठिकाणी ठिगळे लावलेली. ती ठिगळे नानीनेच लावली होती.

“ही कुठे चालली?” नानीने विचारले.

“भंडारदऱ्याला, आमच्याबरोबर,” मामू म्हणाले.

नानीने राहुटीवरून हात फिरवला. “मग मीही येते,” ती म्हणाली. “तुम्हांला ती उभी करता येणार नाही.”

अशा रीतीने आम्ही आठ जण मामूंच्या जुन्या जीपमधून निघालो. अब्बू, अम्मी, नानी, मामू, भाईजान, आपा, मी आणि धाकटा मुन्ना. सहाऐवजी आठ वाजले होते. चांदवड मागे पडले आणि जीपचे मागचे चाक पंक्चर झाले. जादा चाक काढले, तर त्यातही हवा नव्हती! भाईजान आणि मामू दोन्ही चाके एका टेम्पोत टाकून दुरुस्तीला घेऊन गेले. आम्ही रस्त्याच्या कडेला एका लिंबाच्या सावलीत बसलो. मे महिन्याच्या अखेरचे ऊन होते. बिर्याणीसाठी मसाला लावलेले मटण डब्यात होते. डब्याभोवतीचा बर्फ वितळून गेला. नाशिकला पोहोचलो तेव्हा अम्मीने डब्याचे झाकण उघडले, वास घेतला आणि काही न बोलता ते परत लावले.

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याने आम्ही घोटीला आलो. घोटीहून भंडारदऱ्याकडे वळलो, तशी हवा बदलली. उजवीकडे कळसूबाईचे शिखर दिसू लागले. ते १६४६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही, हे भूगोलाच्या तासाला आम्ही पाठ केले होते. पण पाठ करणे वेगळे आणि मान वर करून पाहणे वेगळे. मुन्नाने विचारले, “याच्या वर काय आहे?” “कळसूबाईचे छोटेसे देऊळ,” आपा म्हणाली. “आणि वर?” “वर ढग.” खरेच, शिखरामागे ढग जमू लागले होते. त्यांच्याकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही.

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) अकोले तालुक्यात आहे. येथे प्रवरा नदीवर दगडी बांधकामाचे मोठे धरण आहे. त्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याला विल्सन धरण म्हणतात आणि त्याच्या पाण्याने झालेल्या तलावाला आर्थर तलाव म्हणतात. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर आहे. आजूबाजूचे जंगल हे अभयारण्य आहे. नाक्यावर आमची नोंद झाली. तेथील माणसाने बजावले, “जंगलात शेकोटी पेटवायची नाही. गाणी मोठ्याने लावायची नाहीत. काजव्यांवर विजेरीचा झोत टाकायचा नाही.” भाईजानने शेकोटीसाठी घरून लाकडे आणली होती. ती जीपमध्येच राहिली.

तलावाच्या काठी पोहोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. अब्बू जीपमधून उतरले आणि तसेच उभे राहिले.

त्यांच्याजवळ तलावाचे एक चित्र होते. कोणत्या तरी दिनदर्शिकेतून ते त्यांनी कापून ठेवले होते. चित्रात काठापर्यंत निळे पाणी होते, हिरवे डोंगर होते आणि डोंगरावरून पांढरे धबधबे कोसळत होते. समोर मात्र काळ्या खडकांचा आणि भेगाळलेल्या चिखलाचा लांबच लांब उतार होता. पाणी खूप खाली, दूरवर चमकत होते. धबधब्यांच्या जागी नुसते कोरडे कडे. नावा पाण्यापाशी बांधून नावाडी घरी गेले होते.

यात फसवाफसवी काहीच नव्हती. चित्र पावसाळ्यानंतरचे होते. पावसाळ्यात तलाव भरतो. मग ते पाणी प्रवरा नदीतून आणि कालव्यांतून खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागांतल्या शेतांना दिले जाते. तिकडचा ऊस, तिकडचा गहू या पाण्यावर वाढतो. मे महिना येईपर्यंत तलावाचे पोट खपाटीला जाते. ज्याला भरलेला तलाव पाहायचा असेल, त्याने मे महिन्यात येऊ नये. आणि ज्याला काजवे पाहायचे असतील, त्याला मे संपता संपताच यावे लागते! दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहिता येतात, पण एका दिवशी पाहता येत नाहीत.

“असू दे,” अब्बू म्हणाले. “आधी तंबू ठोकू.”

आम्ही उतारावर थोडे खाली गेलो. मामूंनी राहुटी उलगडली. बांबूचे खांब निघाले. सुती दोर निघाले. लाकडी हातोडा, म्हणजे मोगरी, तीही निघाली. भाईजान पिशव्या उलट्या करून काहीतरी शोधू लागला.

“काय झाले?” अब्बूंनी विचारले.

“मेखांची पिशवी दिसत नाही.”

मामूंनी कपाळाला हात लावला. मेखांची पिशवी माळ्यावरच राहिली होती. मेख म्हणजे जमिनीत ठोकायची खुंटी. तंबूचे दोर तिलाच बांधतात. मेख नसेल तर तंबू म्हणजे नुसते कापड. अब्बूंनी दोर एका दगडाला बांधून पाहिला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि दगड लहान मुलासारखा घरंगळत गेला. मुन्ना टाळ्या वाजवू लागला. अम्मीने त्याला डोळे दाखवले.

नानी एका खडकावर बसून हे सगळे पाहत होती. ती काहीच बोलली नाही.

एवढ्यात वरून गुरांच्या घंटांचा आवाज आला. एक म्हातारे बाबा दोन म्हशी आणि चार गाई घेऊन पाण्याकडून परत चालले होते. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर घोंगडी. ते जवळच्या वाडीत राहत होते. आम्हांला पाहून ते थांबले.

“मुक्काम इथंच करणार व्हय?” त्यांनी विचारले.

‘मुक्काम’ हा शब्द ऐकून नानीने मान वर केली.

अब्बू पुढे झाले. त्यांचे मराठी बाजारापुरते आहे. ते मला म्हणाले, “तू सांग.” मी सांगितले, “हो बाबा. आमच्याकडे तंबू आहे, दोर आहेत. पण मेखा घरी राहिल्या.”

बाबांनी राहुटीकडे पाहिले. मग उताराकडे, मग आभाळाकडे पाहिले आणि ते हसू लागले.

“तंबू हाय, दोर हाय, माणसंबी हायेत,” ते म्हणाले. “पण मेखा न्हाईत. म्हंजे इथंच तर मेख हाय!”

“मेख?” नानी एकदम म्हणाली. “ते मेख म्हणाले ना?”

मी तिला समजावून सांगितले. मराठीत ‘मेख’ म्हणजे तंबूची खुंटी, अगदी आपल्याकडे म्हणतात तशीच. पण ‘इथेच तर मेख आहे’ असे म्हटले, तर ‘खरी अडचण इथेच आहे’ असाही अर्थ होतो. बाबांनी एकाच शब्दात दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या.

नानी हसली. मोठ्याने नाही, पण हसली. अम्मीने हातातले पातेले खाली ठेवले आणि ती नानीकडे पाहतच राहिली.

मग जे झाले ते बेताच्या कागदावर कुठेच नव्हते. बाबांनी गुरे वाडीकडे पिटाळली. अर्ध्या तासाने ते एक गोणपाट घेऊन परत आले. त्यात बारा लाकडी मेखा होत्या. गुरे बांधायच्या. नानीने एक मेख हातात घेतली. तिचे टोक बोटाने चाचपून पाहिले. तिने बाबांना उर्दूत काहीतरी विचारले. मी मराठीत सांगायला तोंड उघडले, पण बाबांनी आधीच उत्तर दिले होते. “ऐनाचं लाकूड हाय. पावसानं कुजत न्हाई.” नानीनेही मान हलवली. लाकूड कोणते ते तिला कळले नसावे, पण ते टिकाऊ आहे हे तिला हातानेच कळले होते.

त्यानंतर ती दोघे बोलू लागली. नानी उर्दूत आणि बाबा त्यांच्या बोलीत. मी मध्ये उभी होते, पण मला फार काम उरले नाही. तंबू, डेरा, कनात, मेख, हवा, जमीन, जागा, मुक्काम. हे शब्द दोघांकडेही होते. बाकीचे काम हात करत होते.

“इथे नको,” नानी म्हणाली. “इथे खाली खडक आहे. जमीन मेख धरणार नाही.”

“व्हय, जमीन वर चांगली हाय,” बाबा म्हणाले.

आम्ही सामान उचलून वर नेले. तिथे एका बाजूला माती होती आणि एका बाजूला मोठे खडक होते. मग नानीचे हुकूम सुरू झाले. तंबूचे तोंड वाऱ्याकडे ठेवू नका. मेख सरळ उभी ठोकू नका, तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेले असू द्या. मेख सरळ ठोकली तर दोराच्या ओढीने ती उपटून येते. कललेली मेख ओढीने आणखी घट्ट होते. खडकाच्या बाजूला मेखच नको, दोर सरळ खडकाभोवती गुंडाळा. तंबूभोवती विताएवढी खोल चर खणा, म्हणजे पाणी आत येणार नाही. आमच्या भाईजानने तंत्रशाळेत दोन वर्षे काढली आहेत. तोही निमूटपणे चर खणत होता.

राहुटी उभी राहिली. नानी तिच्याभोवती एकदा फिरून आली. मग तिने जे केले, ते पाहून मामू गोंधळले. तिने ताणलेले दोर एकेक करून थोडे ढिले केले.

“अम्मा, आत्ताच तर घट्ट केले!” मामू म्हणाले.

“पाऊस येणार आहे,” नानी म्हणाली. “सुती दोर भिजला की आखडतो. आत्ता घट्ट ठेवलास तर पावसात तोच दोर मेख उपटून काढील. तुझ्या अब्बांनी तुला हे सांगितले नव्हते?”

मामूंनी मान खाली घातली.

रात्रीच्या जेवणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मटण फेकून द्यावे लागले. वाऱ्याने स्टोव्ह टिकू दिला नाही. आम्ही खारी बिस्किटे आणि केळी खाल्ली.

नऊच्या सुमारास पहिली वीज चमकली. मान्सूनचा पाऊस यायला अजून दिवस होते. हा वळवाचा पाऊस होता. तो येतो तेव्हा आधी वारा, मग धूळ, मग विजा आणि मग एकदम मोठाले थेंब येतात. आपा अकरावीला विज्ञान शिकते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ती सेकंद मोजू लागली. प्रकाश आपल्याला लगेच दिसतो. आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात.

“नऊ,” आपा म्हणाली. “म्हणजे तीन किलोमीटर.”

पाऊस सुरू झाला. राहुटी थरथरली, पण हलली नाही. चरीतून पाणी वाहून जात होते. मुन्नाने आतून कापडाला बोट लावले. लगेच त्या ठिकाणी पाण्याचा थेंब झिरपला. “ओल्या कापडाला आतून हात लावायचा नाही,” नानी म्हणाली. सगळे जण अंग चोरून मध्ये सरकले. मला खरे तर मजा वाटत होती.

पुन्हा वीज चमकली.

“सहा,” आपा म्हणाली.

अब्बूंनी मोबाइल काढून पाहिला. तेथे संपर्काची एकही रेघ नव्हती. जीप वर रस्त्यावर होती आणि रस्ता लांब होता. अम्मीने मुन्नाला कुशीत घेतले आणि ती ओठांतल्या ओठांत आयतुल कुर्सी पढू लागली.

“तीन,” आपाचा आवाज बारीक झाला होता.

उघड्या मैदानावर, पाण्याजवळ, आमचा तंबूच सर्वांत उंच होता. हे अब्बूंच्या लक्षात आले असावे. ते उठून उभे राहिले. त्याच वेळी बाहेर विजेरीचा उजेड दिसला आणि बाबांचा आवाज आला.

“अवो, निघा! विजा पडाया लागल्यात. उघड्यावर राहू नका. घरला चला.”

सामान तसेच टाकून सगळे बाहेर पडले. पण नानी हलेना. ती तंबूच्या खांबाला धरून उभी होती.

“वाऱ्याने हा फाटून जाईल,” ती म्हणाली. “याला असा सोडून मी येणार नाही.”

अब्बू काहीतरी बोलणार होते. पण बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि विजेरी माझ्या हातात दिली. “खांब काढा,” ते मामूंना म्हणाले. “तंबू निजवू.” नानीला ते मराठी कळले की नाही, मला माहीत नाही. पण तिने हात सोडला. खांब निघाला. राहुटी हळूहळू जमिनीवर बसली, दमलेल्या जनावरासारखी. मामूंनी आणि भाईजानने तिच्यावर चारी बाजूंनी दगड ठेवले. मग आम्ही चिखलातून वाडीकडे चालू लागलो. नानीचा एक हात मामूंच्या हातात होता आणि दुसरा माझ्या.

बाबांचे घर कौलारू होते. भिंती कुडाच्या, सारवलेल्या. पडवीत एका बाजूला गुरे आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. घरातल्या आजींनी आम्हांला कोरडी लुगडी आणि घोंगड्या दिल्या. चुलीवर तांदळाच्या भाकरी सुरू झाल्या. बाबा अब्बूंना म्हणाले, “कोंबडी हाय. तुमच्या रीतीनं तुम्हीच कापा, म्हंजे तुम्हांला चालंल.” अब्बूंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “इतक्या रात्री नको बाबा. भाकरी खूप झाली.” भाकरी, मसुराची आमटी आणि आंब्याचे लोणचे. मुन्नाने चार भाकरी खाल्ल्या. घरी तो एक पोळी संपवत नाही.

नानीची इशाची नमाज राहिली होती. तिने मला किबला कुठे ते विचारायला सांगितले. मी बाबांना विचारले, “बाबा, पश्चिम दिशा कोणती?”

“कोनती?” त्यांना नीट कळले नाही.

“सूर्य मावळतो ती.”

“आसं व्हय! मावळत. मावळत तिकडं, गोठ्याच्या अंगाला.”

नानीला मी सांगितले, “नानी, मावळत म्हणजे मगरिब.” पुस्तकात पश्चिम, बाबांकडे मावळत आणि आपल्याकडे मगरिब. मगरिब शब्दाचा मूळ अर्थही सूर्य मावळण्याची जागा असाच आहे. आजींनी एक धुतलेले घोंगडे पसरून दिले. नानी नमाज पढेपर्यंत घरातले सगळे हळू आवाजात बोलत होते. गुरे तेवढी खुशाल रवंथ करत होती.

काजव्यांचे काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आमच्याही मनात आला होता. आपल्याकडे ज्याला जुगनू म्हणतात, तोच काजवा. पावसाळा तोंडावर आला की या भागातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे चमकतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरीन नावाचा पदार्थ असतो. त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की प्रकाश पडतो. त्या प्रकाशाला उष्णता जवळजवळ नसते. नर चमकून मादीला आपला ठावठिकाणा कळवतो. म्हणून तर त्यांच्यावर विजेरी मारायची नाही, कारण उजेडात त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. हे सगळे आपाने अंधारात बसल्या बसल्या आम्हांला सांगितले. पण धो धो पावसात काजवे पानांखाली दडून बसतात. आम्ही एकशे पंचाहत्तर किलोमीटर आलो होतो आणि बाहेर फक्त पाणी दिसत होते.

मध्यरात्री पाऊस ओसरला. बाकीचे झोपले होते. नानी जागी होती आणि मीही. पडवीच्या वाशापाशी काहीतरी चमकले. विझले. पुन्हा चमकले. एक काजवा आत आला होता. तो हळूहळू उडत गुरांवरून गेला, एका म्हशीच्या शिंगावर बसला आणि तिथेच चमकत राहिला.

“उठवू का सगळ्यांना?” मी विचारले.

“झोपू दे,” नानी म्हणाली.

मग ती बोलू लागली. नाना लग्नाच्या मंडपासाठी गावोगाव जात, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे तीही बरोबर जाई. याच राहुटीत ती दोघे राहत. एकदा गिरणेच्या काठी रात्रभर पाऊस पडला आणि नाना पहाटेपर्यंत दोर ढिले करत फिरले. माझी अम्मी तेव्हा तीन महिन्यांची होती. हे सगळे मी कधी ऐकले नव्हते. अम्मीनेही ऐकले नसावे. कारण तिचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नव्हती, हे मला तिच्या श्वासावरून कळत होते.

सकाळी आम्ही राहुटीपाशी गेलो. सूर्योदय ढगांत झाला. राहुटी चिखलाने माखली होती. एका कोपऱ्यावर वीतभर फाटली होती. बाकी धड होती. नानीने पिशवीतून सुई-दोरा काढला आणि तिथेच खडकावर बसून ठिगळ लावायला घेतले. अब्बूंच्या कागदाप्रमाणे आम्ही त्या वेळी परतीच्या वाटेवर असायला हवे होते. अब्बूंनी खिशातून कागद काढला. तो भिजून त्याचा लगदा झाला होता. त्यांनी तो परत खिशात ठेवला आणि नानीला दोरा ओवून द्यायला बसले.

निघताना अब्बू बाबांना पैसे देऊ लागले. बाबांनी घेतले नाहीत. अम्मीने मग बिर्याणीचा उरलेला बासमती तांदूळ आणि मसाल्याची पुडी आजींच्या हातात दिली. ती आजींनी घेतली आणि त्याबदल्यात अम्मीच्या ओटीत करवंदे घातली. मामू मेखा गोळा करून परत करू लागले, तर बाबा म्हणाले, “न्हेवा. घरच्या मेखा घरी ऱ्हातात, ह्या तरी संगं ऱ्हातील.”

नानीने मला विचारायला सांगितले, “तलाव कधी भरतो?”

“श्रावणात या,” बाबा म्हणाले. “पर तवा तंबूला जागा न्हाई मिळायची. समदीकडं पाणीच पाणी.”

जीपमध्ये नानी मेखा मांडीवर घेऊन बसली. घोटी येईपर्यंत तिने त्या दोनदा मोजल्या.

“अकराच आहेत,” ती म्हणाली.

“एक चिखलात राहिली असेल,” भाईजान म्हणाला. “काल अंधारात आम्ही खालच्या उतारावरही एक ठोकून पाहिली होती. परत जाऊ या का?”

“राहू दे तिथेच.”

“पण नानी, पावसाळ्यात तिच्यावर पाणी येईल. ती तलावाच्या तळाशी जाईल.”

“ऐनाची आहे, कुजायची नाही,” नानी म्हणाली. “पुढच्या मे महिन्यात पाणी उतरेल, तेव्हा काढू.”

शब्दार्थ

बेत – योजना, इरादा. राहुटी – लहान तंबू. मेख – खुंटी. (दुसरा अर्थ) अडचण, खोच. मोगरी – लाकडी हातोडा. खपाटीला जाणे – आत जाणे, रिकामे होणे. वळीव – पावसाळ्याआधी येणारा वादळी पाऊस. चर – पाणी वाहून जाण्यासाठी खणलेला लांब खड्डा. निजवणे – झोपवणे. पडवी – घराच्या भिंतीला लागून असलेली छपराखालची जागा. मावळत – पश्चिम, मगरिब. काजवा – जुगनू. लगदा – भिजून झालेला गोळा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बूंनी फक्त गुरुवारचीच रजा का घेतली होती?
(आ) मे महिन्यात तलावाचे पाणी खूप खाली का गेले होते?
(इ) नानीने ताणलेले दोर ढिले का केले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नानी आणि बाबा यांना एकमेकांचे बोलणे कसे कळले?
(आ) ‘तंबू निजवू’ असे बाबा का म्हणाले असतील?
(इ) मध्यरात्री मुलीने सगळ्यांना उठवू का असे विचारले. नानीने नको का म्हटले असेल? तुम्हांला काय वाटते ते लिहा.

३. ‘मेख’ हा शब्द दोन वेगवेगळ्या अर्थांनी वापरून दोन वाक्ये तयार करा.

४. उर्दूत आणि मराठीत सारखे असणारे शब्द पाठातून शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दांचा उच्चार दोन्ही भाषांत थोडा वेगळा आहे, ते वर्गात म्हणून पाहा.

५. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला तिच्या कामातील अवजारांची नावे विचारा. त्या अवजारांना मराठीत काय म्हणतात, ते शोधून वहीत लिहा.